सासूचा खडप

मथुरेने डोक्यावरची कालवांची पाटी एका हाताने सावरली, दुसऱ्याने ओचा वर खोचला आणि गुडघाभर चिखल तुडवत ती सरळ ओव्हरसियरच्या दुर्बिणीपुढे येऊन उभी राहिली.

दुर्बिणीला डोळा लावून वाकलेल्या घाटपांड्यांना पलीकडच्या काठावरचे निशाण दिसायचे, तिथे एकाएकी हिरवे लुगडे दिसू लागले. त्यांनी डोळा काढला.

“बाई, बाजूला व्हा.”

“व्हतंय सायेब. येक सांगतंय नि जातंय. आज तो बांध घालू नका.”

“का?”

“हे दिस नव्हत त्याचे. जरा दम धरा, भांग लागूंदे. भांगात काम कसं निवांत व्हतं. कसली वढाताण नाय, काय नाय. भांग लागला का मग बगा...”

“पुरे!” घाटपांड्यांचा चेहरा सोला टोपीखाली लालबुंद झाला. “माझ्या कामावर भांग चालायची नाही. धाकू! ऐकतोस ना? कुणी भांगेचं नाव जरी काढलं, तरी त्याने उद्यापासून इकडे फिरकायचं नाही.”

धाकू मुकादमाने मान हलवली. मथुरेने एकदा साहेबाकडे पाहिले, एकदा धाकूकडे पाहिले आणि पाटी सावरत ती आपल्या वाटेने गेली. वाळूत तिच्या पावलांचे ठसे नेहमीपेक्षा जरा खोल उमटले, एवढाच काय तो तिचा राग.

आता ‘भांगात’ आणि ‘भांगेत’ यांत फरक आहे, आणि तो घाटपांड्यांच्या कानाला कळायला हवा होता. मॅट्रिकला त्यांचे मराठी चांगले होते. पण कालवं फोडून पोट भरणाऱ्या बाईला कुठले आले व्याकरण, असे ते धरून चालले आणि तिथेच फसले. समुद्रकाठचे शेंबडे पोरही सांगेल की अवस-पुनवेला पाणी अंगात आल्यासारखे चढते ते उधाण, आणि अष्टमीच्या आगेमागे त्याचा जोर ओसरतो, धड भरती चढत नाही की धड सुकती उतरत नाही, तो भांग. पण घाटपांडे पडले सोलापूरकडचे. तिथे पाणी वर चढते ते मोटेने, आणि भांग पितात ती होळीला.

धाकूने तरी साहेबाला समजावायचे होते. पण धाकूला कळले ते असे, की साहेबाने चंद्राशी वैर धरले आहे. सरकारी माणूस कुणाशी वैर धरील याचा नेम नसतो. शहाण्याने मध्ये पडू नये. त्याने गड्यांनाही तसेच सांगितले. दुसऱ्या सकाळी घाटपांड्यांनी एकेका गड्याला जवळ बोलावून त्याच्या पापण्या उलट्या करून डोळे पाहिले, तेव्हा गड्यांना वाटले, कुठे साथ आली आहे आणि साहेब बिचारा आपल्या जिवाची काळजी करतो आहे. संध्याकाळपर्यंत ते दुप्पट हुरुपाने माती टाकत राहिले.

रस्ता तसा इवलासा होता. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला जाताना खैरवाडीची खाडी आडवी येते, तिच्या तोंडाशी वळसा धरून अलीकडच्या खैरवाडीपासून पलीकडच्या माडभाटापर्यंत दीड मैल. पण या दीड मैलात पूल तीन. कडेचे दोन ओढ्यांवरचे, ते सन एकोणतीसच्या पावसाळ्याआधीच झाले होते, आणि झालेही होते देखणे. जांभ्या दगडाच्या कमानी अशा बसवल्या होत्या की दोन चिऱ्यांच्या मध्ये नख शिरू नये. राहिला मधला. खाडीची खरी धार त्याच्याखालून जात होती आणि तिथे तळच लागत नव्हता. लोखंडी गज ठोकला की चिखल त्याला पोटात घेई, आणखी ठोकला की आणखी घेई. वरिष्ठांचे पत्र आले होते: पौष सरेपर्यंत टणक तळ सापडला नाही तर मधला पूल रद्द. मग रस्ता डोंगराच्या अंगाने, साडेचार कोसांचा फेरा घेऊन जाणार. म्हणजे कडेचे ते दोन देखणे पूल आपापल्या ओढ्यावर कुठेही न जाणारे पूल म्हणून उभे राहणार. घाटपांड्यांचे हे पहिलेच काम. त्यांना जेवण गोड लागत नव्हते.

म्हणून मध्ये मातीचा गोल बांध घालायचा, आतले पाणी उपसायचे आणि खणत खणत तळ गाठायचा, असा त्यांनी बेत केला होता. बांध पुरा झाला चतुर्दशीला.

अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भरती आली. सगळी खैरवाडी काठावर येऊन बसली होती; कुणी काही बोलत नव्हते, कारण भांगाचे नाव काढायला बंदी होती आणि उधाणाबद्दल बोलायचे तर भांगाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पाणी आले ते गडबड न करता. बांधाच्या कमरेला लागले, छातीला लागले, मग वरून एक पातळ पदर आत सोडल्यासारखे आत उतरले. थोड्या वेळाने तिथे बांध होता हे सांगायला एक टोपले तेवढे तरंगत राहिले.

घाटपांडे टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, “धाकू, खरं सांग. कोण पीत होतं?”

“काय सायेब?”

“भांग.”

साहेबाने स्वतःच नाव काढले तेव्हा आता बोलायला हरकत नाही, असे धाकूला वाटले.

“पीत कोन नाय सायेब. पन भांग लागायचा तो लागतोच. सातम-आठमीला लागनार. तुमी नको म्हनलात, पन चंद्राला कोन सांगनार? समुद्र काय लोकल बोर्डाचा नोकर नाय.”

मग घाटपांड्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि धाकूने एकेक उत्तर दिले. शेवटच्या उत्तराला साहेबाचे कान लाल झाले. ते तडक वाडीकडे चालू लागले. जरा लंगडत होते.

मथुरेच्या परसात शिंपांची रास होती, माणसाच्या डोक्यापर्यंत उंच. तिच्या सासूने फोडलेल्या, सासूच्या सासूने फोडलेल्या आणि तिने फोडलेल्या कालवांच्या शिंपा. उन्हात ती रास अशी चमके की नवखा माणूस डोळे बारीक करी. राशीच्या सावलीत बसून मथुरा टोच्याने एकेक कालव उघडत होती आणि आतला गर वाडग्यात टाकत होती. घाटपांडे समोर येऊन उभे राहिले तरी तिचा हात थांबला नाही.

“मथुराबाई, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“भांगाचं.” या वेळी त्यांनी व्याकरण नीट सांभाळले. “आमच्याकडे भांग पितात. मला वाटलं, तुम्ही सांगताय, गड्यांना पाजा म्हणजे निवांत काम करतील.”

मथुरेने टोचा खाली ठेवला. आधी ती नुसतीच पाहत राहिली, मग तिच्या पोटातून हसू आले ते थांबेना. पदर तोंडाला लावून ती हलत राहिली, डोळ्यांत पाणी आले तरी हलत राहिली.

“आगो बाय माजे! म्हंजे त्यांचे डोळे त्याच्यासाठी बगितलेत!”

घाटपांडेही हसले. बऱ्याच दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. मग दगडावर टेकत त्यांनी विचारले, “एक विचारू? तुम्ही रोज खाडीत उतरता. मध्ये कुठे खडक आहे का हो खाली?”

मथुरेने टोचा पुन्हा उचलला.

“चिखलच हाय सगळा.”

“पण कालवं तर खडकालाच धरतात ना?”

“ही दांडीवरची. तिथं खडप हाय मोप.” तिने हनुवटीने समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाकडे दाखवले आणि मान खाली घालून कालव उघडू लागली. मथुरा खोटे क्वचित बोले, त्यामुळे तिला ते नीट जमत नसे. तीन कालवं तिने वाडग्यात टाकण्याऐवजी राशीवर टाकली.

मग तिचे लक्ष त्यांच्या पायाकडे गेले. चिंधी बांधलेली होती आणि चिंधीतून रक्त पाझरले होते.

“ह्ये काय?”

“काल मध्ये उतरलो होतो गज धरायला. काहीतरी लागलं. वाहून आलेली शिंप असेल.”

“बगू.”

तिने चिंधी सोडली. तळव्याला तीन चिरा होत्या, शेजारी शेजारी, सुरीने कापाव्यात तशा. मथुरेचा हात क्षणभर तिथेच राहिला. सुटी शिंप पायाखाली कलंडते, कापले तर एकदा ओरखडा काढते. असे ओळीने कापते ते खडपाला धरून उभे राहिलेले जिते कालव. म्हणजे काल हा माणूस तिच्या खडपावर उभा राहून आला होता. त्याच्या पायाला कळले होते, डोक्याला कळले नव्हते.

ती उठली, कुंपणावरचा दगडीपाला ओरबाडून तिने दगडावर ठेचला, रस जखमेत पिळला आणि चिंधी पुन्हा बांधली. बोलली काहीच नाही. घाटपांडे आभार मानून गेले.

तो खडप खाडीच्या ऐन धारेत, उधाणाच्या सुकतीतही कमरेएवढ्या पाण्याखाली असे. वरून दिसत नसे. पायाने चाचपून गाठायचा. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूने मथुरेचा हात धरून तिला तिथे नेले होते आणि म्हणाली होती, “ह्यो मला माज्या सासूनं दावला. तू तुज्या सुनेला दाव. लेकीला नाय दावायचा, ती दुसऱ्याच्या घरी जाते.” दांडीवरची कालवं सगळ्या वाडीची, तिथे चार दिवसांत खरवडून काही उरत नसे. पण सासूचा खडप कधी रिकामा गेला नव्हता. नवरा गलबतावर तापाने गेला त्या वर्षी त्याने तिला जगवले, आणि लेकीचे, मालनचे, लग्नही त्यानेच केले, असे मथुरा मनातल्या मनात म्हणे. त्यावर दगडी खांब उभा राहिला म्हणजे संपलेच.

पण मालन दिली होती माडभाटाला. खाडीपलीकडे, डोळ्यांपुढे. आषाढ लागला की तरीची होडी बंद होई, आणि नारळी पुनवेपर्यंत मायलेकींमध्ये नुसते पाणी. म्हणून दोघींनी एक खूण ठरवली होती. मालनने रोज सकाळी दोन माडांच्या मधल्या दोरीवर लाल लुगडे टाकायचे. लुगडे दिसले की मथुरा चुलीकडे वळायची. गेल्या श्रावणात नऊ दिवस लुगडे दिसले नव्हते. नऊ दिवस मथुरा डोक्यावर इरले घेऊन काठावर बसून होती. दहाव्या दिवशी लाल ठिपका दिसला तेव्हा तिथेच चिखलात बसून ती रडली. पुढे कळले, वाऱ्याने दोरी तुटली होती आणि घरात दुसरी दोरी नव्हती, एवढेच.

सातमीला भांग लागला. पाणी गप्प झाले आणि घाटपांड्यांनी होडी घेतली. रोज सकाळपासून ते धारेत उभे. कधी होडीतून गज दाबताहेत, कधी स्वतःच छातीपर्यंत चिखलात उतरताहेत. ओव्हरसियर म्हणजे छत्रीखाली बसून वहीत लिहिणारा माणूस, असे खैरवाडीला ठाऊक होते. हा माणूस चिखलाने असा माखे की धाकू आणि साहेब ओळखायला टोपी पाहावी लागे. मथुरा काठावर खुबे-शिंपले वेचताना ऐके.

“लागला का?”

“नाय लागला.”

दहा हात पुढे.

“लागला का?”

“नाय लागला, सायेब.”

ठोकलेल्या गजांची ओळ तिच्या खडपापासून बावीस पावलांवरून सुरू झाली होती आणि रोज आणखी लांब चालली होती. मथुरेला काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. आणि इतके सोपे काम तिला इतके जड का जावे, हे तिला कळेना. साहेबाच्या पायाला तिचाच पाला बांधलेला होता, रोज सकाळी तो कुंपणावरून स्वतः तोडून न्यायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, “मावशी, पाला नेतो.” बाईची मावशी कधी झाली, ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी घाटपांड्यांनी दुर्बिणीची तिकटी मिटली. लंगडत लंगडत ते कडेच्या पुलावर गेले आणि कठड्यावरून हात फिरवत एकटेच उभे राहिले. चिऱ्यांमधल्या सांध्यांवरून त्यांचे बोट सावकाश फिरत होते. आपल्या मुलीला सासरी पाठवताना तिच्या केसांवरून मथुरेने असाच हात फिरवला होता. तिला ते बघवेना.

पुनवेला सूर्य उगवताना सुकती पुरी उतरली. मथुरा घाटपांड्यांच्या झोपडीपुढे जाऊन उभी राहिली.

“सायेब, पहार घ्या नि चला.”

“कुठे?”

“चला म्हनलं ना.”

तिने त्यांना काठाकाठाने नेले, मोडक्या वडाच्या खालून पाण्यात उतरवले आणि तळ पायाने चाचपत पुढे झाली. घाटपांडे मागे. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले आणि मग एकाएकी पुन्हा कमरेला. मथुरा थांबली.

“मारा पहार.”

घाटपांड्यांनी पहार उचलली आणि पाण्यात सोडली. ठण्ण. हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्यांनी दोन पावले सरकून पुन्हा मारली. ठण्ण. इकडे मारली, तिकडे मारली. अंगणाएवढा खडप होता आणि सगळीकडे तो एकाच आवाजात बोलत होता. घाटपांडे वळले. ते नुसते हसत होते, आणि डोळ्यांत पाणी होते ते खाडीचे नव्हते.

“लागला,” ते म्हणाले. “मावशी, लागला!”

“तुमाला तवाच लागला व्हता,” मथुरा म्हणाली. “पायाला. मी बोलले नाय.”

घाटपांड्यांनी खाली वाकून पाण्यात हात घातला. खडपाभर कालवं होती, एकाला एक चिकटून. हातानेच त्यांना सगळे समजले. ते सरळ झाले ते हसू जाऊन.

“हा तुमचा आहे.”

“सासूचा. मी नुसती काढून खातंय.”

“मग का सांगितलंत?”

मथुरेने पलीकडच्या माडांकडे पाहिले. लाल लुगडे वाळत होते.

“तुमच्या दोन पुलांवर मी हात फिरवून बगितलाय,” ती म्हणाली. “असं काम करनाऱ्या मानसाला रिकामं परत धाडलं, तर सासू माला जेवूं देनार नाय. येक करा. तीन दिस थांबा. तीन सुकत्या. इथली कालवं निघूंदेत, मग तुमचं सिमिट वता.”

पौष अर्धा सरला होता, वरिष्ठ कधीही येतील असे होते. घाटपांडे म्हणाले, “थांबतो.”

आणि त्या तीन सकाळी मथुरेने जे केले ते खैरवाडी अजून सांगते. ती एकटी गेली नाही. सगळ्या बायकांना तिने हाका मारल्या, सखूला, तुळसाला, जिच्याशी चार वर्षे अबोला होता त्या यमुनाबाईलासुद्धा. सासूने सुनेला दाखवायचा. मला सून नाही, म्हणून साऱ्या वाडीला दाखवते, असे ती म्हणाली. वीस-पंचवीस बायका कमरेएवढ्या पाण्यात खडपाभोवती उभ्या राहिल्या आणि टोच्यांचा नुसता खणखणाट झाला. घाटपांडे काठावर बसून पाहत होते. आपल्या गड्यांना त्यांनी सुट्टी दिली होती. एकदा त्यांनी धाकूला विचारले, “एवढी वर्षं हिने एकटीने ठेवला?” धाकू म्हणाला, “माज्या बायकोलापन ठाव नव्हता सायेब, नि तिला गावातलं सगळं ठाव असतं.”

वरिष्ठ आले तेव्हा कामाला हात लागलेला नव्हता. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. घाटपांड्यांनी त्यांना होडीतून नेले, त्यांच्याच हातात पहार दिली आणि ठण्ण असा आवाज झाल्यावर नम्रपणे म्हणाले, “साहेब, आता भांग लागला की काम सुरू करू.” वरिष्ठही घाटावरचेच होते. त्यांनी घाटपांड्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले. धाकूला खोकल्याचे निमित्त करून पाठ फिरवावी लागली.

मग भांग लागला आणि बांध उभा राहिला. पाणी त्याच्या गळ्याशी येऊन मुकाट्याने परत गेले. खडप गाठायचा म्हणून रस्त्याची रेघ बावीस पावले सरकवावी लागली, त्यामुळे मधल्या पुलाला मध्येच एक हलका बाक आला. पाण्याखाली सिमेंट गेले, वरच्या कामाला चुना लागला. मथुरेने परसातली रास दाखवली. तीन पिढ्यांच्या शिंपा गाड्यांतून भट्टीवर गेल्या, भाजून त्यांचा पांढराशुभ्र चुना झाला आणि तो चुना चिऱ्याचिऱ्यांमध्ये बसला. मथुरा रोज येऊन काम बघे. घाटपांडे सांधा भरताना जीभ दातांत धरत, आणि मनासारखा भरला गेला की मान तिरकी करून पाहत. असे काम करणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. ती तसे म्हणाली नाही. दुपारी वाडगाभर कालवांचे सार पाठवायला लागली. सोलापूरकडच्या माणसाने ते पहिल्या दिवशी नाक धरून प्यायले, आठव्या दिवशी वाडगा चाटूनपुसून परत केला.

सन एकतीसच्या वैशाखात पूल खुला झाला. आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. आता तर बंद पडणार म्हणून तिच्यावरचे नावाडी मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीच्या कामाला गेले होते, तेही खास बघायला आले. सगळी खैरवाडी पुलावरून माडभाटाला गेली आणि सगळे माडभाट पुलावरून खैरवाडीला आले; मालन कडेवरचे मूल घेऊन सर्वांत पुढे. घाटपांड्यांनी गर्दीत मथुरेला शोधले. ती खाली वाळूत बसली होती.

“मावशी, चला ना वर.”

“मी नाय येत.”

“का?”

“सासू रुसलीय.” ती पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली. “कालवं परत येतील तवा तिचा रुसवा गेला म्हनायचा. तवर मी त्याच्यावर पाय ठेवनार नाय. मालनला काय, ती लेक. तिला माफ हाय.”

घाटपांड्यांना ते लागले. वरिष्ठांनी पाठ थोपटली होती, कागदोपत्री शेरा चांगला मिळाला होता, तरी संध्याकाळी ते जेवले नाहीत. धाकूने समजूत घातली, “म्हातारी जरा तशीच हाय.” मथुरा काही म्हातारी नव्हती, पण धाकूला दुसरे काही सुचले नाही.

पावसाळा आला आणि गेला. त्या आषाढात दोन माडांमधल्या दोरीवर कुणी खुणेचे लुगडे टाकले नाही. मालन इरले घेऊन आठवड्याला दोनदा पुलावरून येई. मथुरा मात्र दर उधाणाच्या सुकतीत खांबाशी उतरे, दगडावरून हात फिरवे आणि परत जाई. आधी नुसते शेवाळ आले. घाटपांडे वरून बघत आणि काही विचारत नसत.

दिवाळीनंतर त्यांची बदली खानदेशात झाली. निघायच्या दिवशी सकाळी ते पुलावर आले. सामान बैलगाडीत चढवून धाकू वर उभा होता. पुनवेची सुकती होती. खाली, खांबाशी, कमरेएवढ्या पाण्यात मथुरा उभी होती आणि तिने मान वर केली होती.

“सायेब, खाली या.”

“मावशी, गाडी उभी आहे.”

“ऱ्हाऊंदे उभी.”

ते बूट काढून, धोतर खोचून पाण्यात उतरले. मथुरेने त्यांचा उजवा हात धरला, पाण्याखाली खांबाच्या दगडावर ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबला. घाटपांड्यांनी चटकन हात मागे घेतला. तर्जनीच्या टोकाला बारीक चीर पडली होती आणि तिच्यातून रक्ताचा थेंब वर येत होता.

“लागलं?” मथुरेने विचारले.

घाटपांड्यांनी बोटाकडे पाहिले. मग पुन्हा हात पाण्यात घातला, या वेळी जपून. नखाएवढी, पातळ, कोवळ्या धारेची. एक, दोन, पाच, मग मोजता येईनात. दगडाला घट्ट धरून बसलेली.

“लागलं,” ते म्हणाले.

मथुरा पाण्यातून बाहेर आली. तिने पाय धुतले, ओचा सोडून लुगडे नीट केले, पदर डोक्यावर घेतला आणि ती चढण चढून रस्त्यावर गेली. पुलाच्या तोंडाशी ती वाकली, दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि चालू लागली. मागे वळून पाहिले नाही. मधल्या बाकाशी तिचे हिरवे लुगडे पळभर कठड्याआड गेले आणि पलीकडून पुन्हा दिसू लागले.

खाली पाण्यात साहेब बोट तोंडात घालून उभे होते. ते धाकूने वरून पाहिले आणि ओरडून विचारले, “सायेब, लागलं काय?”

तळ शोधताना हा प्रश्न घाटपांडे विचारत आणि उत्तर धाकू देई. त्यांनी मान वर केली.

“लागलं रे,” ते म्हणाले. “चांगलं लागलं.”